खालच्या ठेसनाचा जिना

काळदरीचा मसाजी विहिरी बांधायचा. दहा एकर मुरमाड रान होतं, दावणीला दोन बैल होते, वीस-पंचवीस मेंढरंही होती. पण बाजारात कुणी विचारलं, पाव्हणं काय करता, तर तो शेतीचं नावसुद्धा काढायचा नाही. "मी विहिरवाला," म्हणायचा आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायचा. शिरड शहापूरपासून औंढ्यापर्यंत त्याच्या हातच्या सतरा विहिरी होत्या. तो डावखुरा, त्यामुळे त्याच्या चिऱ्यांवरचे छिन्नीचे टाके उलट्या अंगाला झुकायचे. विहिरीत उतरणारा माणूस टाक्यांवरूनच सांगायचा, ही मसाजीची.

घरं बांधणाऱ्या गवंड्यांची त्याला कीव यायची. "वर बांधाया काय लागतं? आभाळ काय ढकलून राहिलंय व्हय भिंतीला? खाली बांधा, चारी अंगानं जमीन ढकलू द्या, मंग कळंल." हे त्याचं ठरलेलं बोलणं. कुणाच्या वास्तुशांतीलाही तो हेच ऐकवायचा, म्हणून लोक त्याला जेवायला शेवटच्या पंगतीत बसवायचे.

एवढा विहिरवाला गावात असून काळदरीला पाणी नव्हतं. गावाला एकच आड होता आणि फाल्गुन लागला की त्याच्या तळाशी घागरीऐवजी वाटी चालायची. मग बाया कोसभर ओढ्यावर जाऊन झिरे उकरायच्या. मसाजीची बायको सत्यभामाबाई हिची डोई चुंबळीनं मधोमध विरळ झाली होती. गावाच्या अंगाला पाणी लागायचं नाही. पाणी होतं ते रुळाच्या पलीकडे, ठेसनाच्या जागेत. मसाजीला ते पक्कं ठाऊक होतं आणि तिथं पहार लावायची सोय नव्हती. हेच त्याचं खरं दुखणं होतं.

काळदरीचं ठेसन म्हणजे त्या वेळी एक पत्र्याचं छप्पर, एक घंटा आणि मास्तराची शेळी. पूर्णेहून हिंगोलीकडे जाणारी गाडी इथं थांबायची ती श्वास घ्यायला. इंजिनाला पाणी टाकीच्या डब्यातून आणावं लागायचं. मग एकोणीसशे तेहेतीसच्या दिवाळीनंतर इंजिनेर साहेब ट्रॉलीवरून आला, चार दिवस रानात फिरला आणि ठेसनाजवळ मोठी विहीर काढायचं ठरवून गेला. हे गावाला कळलं संपतरावाकडून.

संपतराव म्हणजे सत्यभामाबाईचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता. बहिणीनं त्याला कडेवर वाढवलं आणि लग्न होऊन काळदरीला आली तेव्हा बरोबरच घेऊन आली. मसाजीनं त्याला बसमतच्या शाळेत चौथीपर्यंत शिकवलं, पंचफुलाबाईशी त्याचं लग्न लावलं, चूल मांडून दिली. पोरगा हुशार निघाला. उर्दू अशी बोलायचा की तहसिलीतला कारकूनही खुर्ची सरकवून द्यायचा. रेल्वेच्या कामावर तो मुकादम झाला आणि साहेबाचा नकाशा त्याच्या हाती आला.

नकाशा मसाजीला वाचता येत नव्हता. संपतरावानं तो त्याच्या ओट्यावर पसरला आणि बोट ठेवून ठेवून समजावला. पंप पाणी पंधरा-सोळा हातांवरून ओढतो, त्याहून खोल असलं की ओढत नाही. वर ढकलतो मात्र कितीही. इथलं पाणी चाळीस हात खाली. म्हणजे पंपच चाळीस हात खाली नेऊन बसवायचा. त्यासाठी विहिरीच्या पोटात, पाण्याच्या जरा वर, कमानीची खोली काढायची. खोलीला पाण्याच्या कडेनं फलाटासारखा ओटा, भिंतीत कंदिलाचे कोनाडे. बॉयलर वर आणि त्याची वाफ नळानं खाली. विहिरीचं तोंड लोखंडी तुळया टाकून झाकायचं आणि त्यावर टाकी उभी करायची. पंपवाल्याला उतरायला आतून एक अरुंद जिना.

मसाजी ऐकता ऐकता उठून उभा राहिला. जमिनीच्या खाली खोली, खोलीला फलाट, फलाटाला पाणी! जन्मभर तो ज्याची स्वप्नं बघत होता ते कुण्या साहेबानं कागदावर काढलं होतं. "आरं, हे तं खालचं ठेसन झालं," तो म्हणाला. तेच नाव पुढं सगळ्या पंचक्रोशीत चाललं.

"अन् हे काय, दाजी, बघा," संपतरावानं बोट बाजूला नेलं. "बाहेरून दुसरा जिना. रुंद. सहा हाताचा. ह्या वाटेनं पंप खाली उतरवायचा. पण त्याची मजुरी मंजूर न्हाई. साहेब म्हनतो, गावानं खोदून अन् बांधून दिला तर पंप उतरल्यावर जिना गावाचा. बायांनी यावं, पाणी न्यावं."

हे वाक्य मसाजीनं गावाला सांगितलं आणि त्याच्या आयुष्याची माती व्हायला तिथून सुरुवात झाली, असं म्हटलं तरी चालेल. महादेवाच्या देवळापुढं गाव जमलं. पारुबाई नावाची एक फटकळ विधवा होती, ती सगळ्यांआधी बोलली. "फुकट खोदायचं? उद्या साहेबानं न्हाई म्हनलं तर कुणाच्या तोंडाकडं बघावं? कागुद हाय का?"

मसाजीला राग आला. "कागुद काहून पायजे? संपत आपला हाय."

तरी लोकांचं समाधान होईना, तेव्हा संपतरावानं बेल-भंडार उचलला. पिंडीवरचं बेलपान तळहातावर ठेवलं, त्यावर खंडोबाचा भंडारा ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "जिना गावाचा." आमच्या भागात बेल-भंडार उचलल्यावर पुढं बोलत नाहीत. त्यानंतर शंका काढणं म्हणजे देवालाच खोटं म्हणणं. पारुबाईसुद्धा पदर सावरून गप्प बसली.

मग काळदरीनं ते काम असं केलं की पुन्हा कोणत्या गावानं करू नये. घरामागं एक माणूस, पाळीपाळीनं. शिमग्यात रंग नाही खेळले. आधी मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे ठिसूळ खडक, मग काळा कातळ. पारुबाईनं तीन महिने डोक्यावरून टोपली वाहिली. मसाजी तर घरी जेवायलाही जाईना, सत्यभामाबाई भाकरी खाली आणून द्यायची.

जिना त्यानं बायांसाठी घडवला. साहेबाच्या नकाशात पायरी वीतभर उंच होती. ह्यानं दोन बोटं कमी केली, कारण भरली घागर घेऊन चढताना गुडघा कुठं भरून येतो ते त्यानं घरात पाहिलं होतं. शहाण्णव पायऱ्या, बारा-बारांचे आठ टप्पे आणि दोन टप्प्यांच्या मध्ये कमरेइतक्या उंचीवर एक कोनाडा, घागर टेकवून दम खायला. साहेब येऊन बघून गेला आणि काहीतरी बोलला. संपतरावानं सांगितलं, साहेब खूश आहे.

वैशाखात तळाचं बांधकाम लागलं. जिना जिथं पाण्याच्या खोलीत उघडतो त्या दाराच्या दोन्ही बाजू मसाजी स्वतः रचत होता. तेव्हा संपतराव खाली आला आणि म्हणाला, "दाजी, दोन्हीकडं दात सोडा."

दात म्हणजे एक चिरा आत, एक बाहेर असं ठेवणं. पुढं त्या जागी नवी भिंत जोडायची असली की गवंडी असे दात सोडतात, म्हणजे नवे दगड जुन्यात गुंततात. दुसरा कसलाही उपयोग त्याचा नाही.

"दारात दात काहून?" मसाजीनं विचारलं.

"लाकडी चौकट बसंल. तिला पकड."

"चौकटीला दात लागत न्हाईत, संपत. दात दगडाला."

संपतराव हसला. "दाजी, मी बेल-भंडार उचललाय ना? मंग?"

मसाजी ओशाळला. सतरा विहिरी बांधलेला माणूस, त्याला दात कशाला सोडतात हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पण ज्याला कडेवर वाढवलं त्याच्या शपथेपुढं आपली अक्कल चालवायची त्याला लाज वाटली. त्यानं दात सोडले. आठ दिवसांनी संपतराव दोरीला गाठी मारून मापं घेऊन आला. चाळीस चिरे घडवायचे होते, म्हणे खोलीतल्या ओट्याला. तेही मसाजीनं मन लावून घडवले. मापं जरा विचित्र होती, कुठला लांब, कुठला आखूड. साहेबाची मापं असतील, असं त्यानं स्वतःलाच सांगितलं.

पाऊसकाळ गेला, वरचं बरंचसं काम झालं. माघात जिन्यावर सागाचे ओंडके टाकून, दोरखंड लावून पंप उतरवला. अख्खं गाव दोराला होतं. पंप जागेवर बसला तेव्हा लोकांनी नारळ फोडला. आता तुळया झाल्या की बाया उतरणार होत्या. घागर भरायची पहिली पाळी कुणाची यावरून जावा-जावांत भांडणंही झाली.

तेवढ्यात महाशिवरात्र आली आणि सत्यभामाबाईनं नवऱ्याच्या मागं टुमणं लावलं. "औंढ्याला जाऊ. नागनाथाला नवस बोललेय मी, जिना झाला तर दर्शनाला येईन म्हनून." मसाजीला काम सोडून जायचं नव्हतं. पण वर्षभर भाकरी वाहिलेल्या बायकोला नाही कसं म्हणणार? बैलगाडी जुंपली. तीन दिवस गेले, देव झाला, जत्रा झाली, त्याच्यासाठी तिनं मुंडासंही घेतलं.

परत आले तेव्हा गाव जिन्याच्या तोंडाशी उभं होतं. तीन दिवस रेल्वेच्या गवंड्यांनी कुणाला खाली उतरू दिलं नव्हतं. मसाजी शहाण्णव पायऱ्या उतरून खाली गेला. दार नव्हतं. दाराच्या जागी भिंत होती, वरून खालपर्यंत चुन्यानं गुळगुळीत लिंपलेली. चुना अजून ओला होता. भिंतीच्या पलीकडे पाणी डचमळल्याचा आवाज येत होता.

संपतरावानं त्याच्या पायावर डोकं ठेवलं आणि रडला. साहेब बदलला, नवा आला, त्यानं हुकूम बदलला. म्हणे पंपाच्या खोलीत बाहेरचं माणूस नको. "मी काय करू, दाजी? माझी तं शपत मोडली. मलाच फसवलं त्यांनी." मसाजीनं त्याला उठवून पोटाशी धरलं. दातांची आठवण त्याला झाली नाही असं नाही. पण ती त्यानं तिथल्या तिथं दाबली. साहेब बदलला की हुकूम बदलतो, त्यात या लेकराचा काय दोष? एवढी भिंत तीन दिवसांत कशी उभी राहिली, हेही त्यानं विचारलं नाही.

पुढच्याच महिन्यात संपतराव पंपवाला झाला. निळा डगला मिळाला, ठेसनात राहायला दोन खोल्या मिळाल्या आणि दारात पाण्याचा नळ. पंप दिवसभर ओढायला लागला आणि गावचा आड, जो फाल्गुनात तळ दाखवायचा, तो पुसातच कोरडा पडू लागला. जे होतं तेही गेलं. गावानं त्याचा राग कुणावर काढायचा? साहेब हाती लागत नव्हता, संपतराव कुंपणाच्या आत. मसाजी मात्र गल्लीत होता.

त्याला लोक 'पाणीबुडव्या' म्हणायला लागले. विहिरीची कामं येईनाशी झाली. पारुबाई त्याला बघून वाटेत थांबायची आणि मोकळी टोपली डोक्यावर धरल्यासारखे हात करायची, बोलायची काही नाही. तो जिना तसाच राहिला, वरून उघडा, खाली बंद. उन्हाळ्यात शेळ्या त्यात सावलीला बसायच्या. एखादी बाई कोनाड्यात घागर टेकवून भिंतीला कान लावायची आणि पंपाचा धडधड आवाज ऐकून परत यायची.

मसाजी सगळं सोसायचा, पण संपतरावाबद्दल वावगं ऐकून घ्यायचा नाही. "त्याला बी फसवलं," हे तो तेरा वर्षं सांगत राहिला. त्यापायी सख्ख्या चुलत्याशी बोलणं तोडलं. आणि त्याच्याजवळ पुरावाही होता. सत्यभामाबाई रोज भावाच्या नळावरून दोन घागरी आणायची. "बघा, जीव हाय का न्हाई त्याचा? न्हाईतं कोन देतंय?" तो म्हणायचा आणि तांब्याभर पाणी गटागटा प्यायचा. मला ह्या माणसाचा इथं राग येतो. अख्खं गाव ओढ्यावर जात होतं आणि हा ते नळाचं पाणी पुरावा म्हणून दाखवत होता.

एकोणीसशे अठ्ठेचाळीसचा उन्हाळा आला तो भीती घेऊन. निजामाचं राज्य हलायला लागलं होतं, रझाकारांच्या बातम्या येत होत्या, सरहद्दीकडच्या गावांतून माणसं बिऱ्हाडं घेऊन हिंडत होती. गाड्या आधी उशिरा, मग बंद. मास्तर कुटुंब घेऊन गेला. कोळसा संपला, पंप थांबला, आणि संपतराव पंचफुलाबाईला घेऊन आखाडा बाळापूरला सासुरवाडीत जाऊन राहिला. जाताना आतला जिना जिथून उतरतो त्या इंजिनखोलीला कुलूप घालून गेला. वैशाखात ओढ्याचे झिरेही आटले.

तेव्हा पारुबाई मसाजीच्या दारात आली. तेरा वर्षांनी पहिल्यांदा बोलली. "विहिरवाले, भिंत काढा."

पोरं म्हणाली, त्यापेक्षा कुलूप तोडू. मसाजी उसळला. "कुलूप रेल्वेचं हाय. जिना आपला हाय. आपन आपल्या वाटंनं जाऊ." त्यानं पहार घेतली, दगड फोडायची सुतकी घेतली, मुंडासं बांधलं. साठीला टेकलेला माणूस, पण जिना असा उतरला जणू कालच बांधला आहे. मागून बाया घागरी घेऊन, एका पायरीवर एक.

पहिल्या घावाला चुन्याचा पापुद्रा सुटला आणि हातभर दगड उघडा पडला. मसाजीनं कंदील जवळ घेतला. चिऱ्यावरचे टाके उलट्या अंगाला झुकलेले होते.

त्यानं आणखी चुना पाडला. दुसरा चिरा, तिसरा, दहावा. सगळे टाके त्याचेच. ओट्याचे म्हणून घडवलेले ते चाळीस चिरे, लांब ते दाताच्या आतल्या बाजूला, आखूड ते बाहेरच्या, बोटभरही फट न ठेवता त्याच्याच दातांत बसलेले. दोरीच्या गाठींनी घेतलेली मापं त्या दातांचीच होती. ही भिंत महाशिवरात्रीला ठरली नव्हती. साहेब बदलायच्या नऊ महिने आधी, गाव फुकट टोपल्या वाहत होतं तेव्हाच, ती संपतरावाच्या हातातल्या कागदावर होती, आणि दगड न दगड मसाजीकडून घडवून घेतला होता.

"काय झालं?" वरून पारुबाईनं विचारलं.

"काही न्हाई," तो म्हणाला आणि घाव घालत राहिला. आपली भिंत किती चिवट असते ते त्याला त्या दिवशी कळलं. दुपार कलली तेव्हा माणूस जाईल एवढं भोक पडलं. थंड वाऱ्याचा झोत बाहेर आला. खोली, कमान, कोनाडे, ओटा, आणि ओट्याला लागून काळं निवांत पाणी. पंप थांबल्यामुळे ते चांगलं हातभर वर आलं होतं. बायांनी एकच गलका केला. पारुबाई ओट्यावर बसली, ओंजळीनं पाणी तोंडावर मारून घेतलं आणि रडली. वर जाताना ती मसाजीपाशी थांबली आणि त्याच्या पाया पडली. ज्या एका गोष्टीसाठी तो तेरा वर्षं झुरला, ती झाली होती. त्याचा जीव मात्र कशातच नव्हता.

त्याला घरच्या माणसाला हे दाखवायचं होतं. तुझ्या भावानं काय केलं बघ, असं एकदा तरी तोंडातून बाहेर काढल्याशिवाय त्याला राहवेना. सत्यभामाबाई कुठं दिसेना. तो चढत चढत वर आला. ती जिन्याच्या तोंडाशी बसली होती, रिकामी घागर मांडीवर घेऊन. सगळं गाव उतरून गेलं होतं आणि ती एक पायरीही उतरली नव्हती.

"खाली ये," तो म्हणाला. "भिंत बघ. समदे चिरे माझे हायेत. संपतला पैल्या दिसापासून ठावं होतं."

ती उठली नाही. घागरीच्या काठावरून बोट फिरवत राहिली.

"ऐकलं का? पैल्या दिसापासून."

"मला नका दाखवू," ती म्हणाली. "त्यानं पाय धरले हो माझे. भिंत झाली न्हाई तं नौकरी मिळनार नव्हती त्याला. म्हनला, आक्का, दाजीला तीन दिस गावाबाहीर ने, येवढंच कर."

मसाजीनं विचारलं, "अन् नवस?"

"कसला नवस," ती म्हणाली.

बाया भरल्या घागरी घेऊन त्यांच्या दोघांच्या मधून वर येत होत्या. मसाजीनं त्यांना वाट दिली. मग खाली वाकून त्यानं तिच्या मांडीवरची घागर घेतली, बघितली आणि परत ठेवली. पारुबाईकडं गेला. "तुझी एक घागर दे," म्हणाला.

ती घेऊन तो पुन्हा शहाण्णव पायऱ्या उतरला आणि भरून वर आला. सातही कोनाड्यांवर त्याला थांबावं लागलं. त्या दिवसापासून मसाजीच्या घरात पाण्याच्या दोन वेगळ्या घागरी झाल्या. एक सत्यभामाबाई भरायची, आणि दुसरी तो स्वतः भरायचा आणि तिच्यातलंच प्यायचा.